जुने राइड-ऑन लॉन मोअर दुरुस्त करून वापरात आणणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लग्नाची लॉन्स, शाळा-महाविद्यालयांची मैदाने, फार्महाऊस आणि कारखान्यांची आवारे यांच्यासाठी बसून चालवायची गवतकापणी यंत्रे अधूनमधून दिसू लागली आहेत. ती बहुधा परदेशी बनावटीची असतात आणि नवी घ्यायला परवडत नाहीत, म्हणून मोठ्या शहरांतून जुनी आणली जातात. पुढील प्रश्नोत्तरे पेट्रोल इंजिन असलेल्या आणि पोटाखाली पात्यांचा डेक (पाती झाकणारे पत्र्याचे आवरण) असलेल्या यंत्रांविषयी आहेत.

जुने यंत्र पाहायला गेल्यावर आधी काय तपासावे?

रंग, सीट, टायर आणि बॅटरी यांच्याकडे शेवटी पाहावे, कारण याच गोष्टी पाहून माणूस भुलतो आणि याच गोष्टी कुठेही मिळतात. खान्देशात राहून दुरुस्ती करायची असेल, तर खरा प्रश्न हा असतो की बिघडलेला भाग इथल्या बाजारात मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो, की तो बाहेरूनच मागवावा लागतो. बेअरिंग, ऑइल सील, बुश, केबल, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि पत्राकाम यांची चिंता करू नये. मागच्या चाकांचे ट्रान्समिशन, इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट, इग्निशन कॉइल व डेकचा मूळ सांगाडा यांची मात्र कसून तपासणी करावी, कारण यातला एकही भाग गेलेला असेल तर स्वस्तात घेतलेले यंत्र महागात पडते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल तर त्याचे कारण विचारावे. सुरू होताना क्षणभर निळसर धूर येऊन थांबला तर फारसे बिघडत नाही. धूर सतत येत राहिला तर पिस्टन रिंग झिजल्या असतील किंवा हेड गॅस्केट फुटले असेल. एका सिलिंडरच्या इंजिनांत हेड गॅस्केट पुशरॉडच्या (झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या) बाजूला फुटण्याचे प्रमाण बरेच आहे, आणि तसे असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते. म्हणून केवळ धूर पाहून यंत्र नाकारू नये, परंतु किंमत मात्र त्या हिशोबाने बोलावी.

ऑइलची पट्टी काढून ऑइलचा वास घ्यावा. पातळी खुणेपेक्षा वर असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून इंजिनात उतरलेले असते. असे इंजिन सुरू करू नये आणि विक्रेत्यालाही करू देऊ नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करत नाही.

यंत्राचा आणि इंजिनाचा नंबर कुठे असतो, आणि त्याचा उपयोग काय?

यंत्राचा मॉडेल नंबर बहुतेक वेळा सीटखालच्या चिकटपट्टीवर असतो. इंजिनाचा नंबर वेगळा असतो व तो इंजिनावर स्वतंत्रपणे दिलेला असतो. हे दोन्ही नंबर लिहून घेतल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नये, कारण यंत्राची कंपनी एक आणि इंजिनाची कंपनी दुसरी असे सर्रास असते.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या १९०८ साली मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या कंपनीची इंजिने आपल्याला बऱ्याच वेळा आढळतात. त्यांच्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे इंजिनाची क्षमता घन इंचात सांगतात. उदाहरणार्थ, ३१ ने सुरू होणारे इंजिन सुमारे ५०० सीसीचे असते. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना आणि त्यापुढचे दोन दिवस दाखवतात. विक्रेता ‘पाच-सहा वर्षे जुने’ म्हणत असेल आणि कोड ०४ ने सुरू होत असेल, तर इंजिन २००४ सालचे आहे एवढे समजून पुढचा व्यवहार करावा.

यंत्र दोन-तीन वर्षे शेडमध्ये पडून आहे. ते सुरू करण्यासाठी कोणत्या क्रमाने काम करावे?

घाई करून चावी फिरवू नये. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधावी, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी आणि मगच हात लावावा. टाकीतले जुने पेट्रोल सगळे काढून टाकावे. ते ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून वापरून टाकण्याचा मोह होतो, परंतु त्यातला चिकट गाळ पुन्हा कार्बोरेटरमध्येच जाऊन बसतो.

त्यानंतर इंजिनावरचे पंख्याचे आवरण उघडावे. हे काम बहुतेक जण वगळतात, आणि आमच्या मते दुरुस्तीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. शेडमध्ये पडून असलेल्या यंत्रात उंदीर व खारी कोरडे गवत, चिंध्या आणि कापूस आणून सिलिंडरच्या पाकळ्यांवर घरटे करतात. कपाशीच्या पट्ट्यात तर कापसाला तोटा नसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, इंजिन सुरूही होते, आणि अर्ध्या तासात हवा न मिळाल्यामुळे इतके तापते की हेड वाकते किंवा गॅस्केट जळते. त्या पाकळ्या ब्रशने व कॉम्प्रेसरच्या हवेने पूर्ण मोकळ्या कराव्यात, आणि उंदराने वायरी कुरतडल्या आहेत का हेही त्याच वेळी पाहावे.

मग कार्बोरेटर उतरवावा. फ्लोटची वाटी उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी आणि भिंतींवर रोगणासारखा तपकिरी थर दिसतो, आणि नाकाला आंबूस उग्र वास लागतो. बहुतेक वेळा बंद पडण्याचे कारण या वाटीतच सापडते. मुख्य जेटचे छिद्र उजेडासमोर धरून पाहावे, त्यातून गोल, स्वच्छ उजेड आला पाहिजे. छिद्र साफ करण्यासाठी सुई किंवा बाइंडिंग वायर घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले की पेट्रोल जास्त जाऊ लागते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरेसा होतो. फ्लोटची सुई आणि वाटीचे गॅस्केट शक्यतो नवीनच टाकावे.

अनेक इंजिनांत वाटीच्या तळाशी एक विजेवर चालणारा झडपेचा बोल्ट असतो. चावी चालू करताच त्यातून बारीक ‘टक’ आवाज येतो आणि पेट्रोलचा मार्ग उघडतो. त्याची वायर तुटलेली असेल तर स्टार्टर व्यवस्थित फिरतो, ठिणगीही येते, तरी इंजिन पेट घेत नाही, आणि मेकॅनिक विनाकारण कॉइल बदलून मोकळा होतो.

शेवटी नवा स्पार्क प्लग बसवावा. बहुतेक इंजिनांसाठी त्याचे अंतर ०.७६ मिलिमीटर ठेवतात.

सध्याचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल या इंजिनांना चालते का?

या प्रकारच्या बहुतेक इंजिनांसाठी उत्पादकांनी दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलेले आहे, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळते. चालवता येत नाही असे नाही. मात्र इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुने रबर फुगवते किंवा ठिसूळ करते. त्यामुळे जुने यंत्र हाती घेतल्यावर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारची टाकावी, पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांपुरतेच आणावे, आणि यंत्र महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.

स्टार्टर अर्धा फेरा फिरतो आणि अडकतो. बॅटरी नवीन टाकली तरी तसेच आहे. स्टार्टर बदलावा का?

नाही, आधी टॅपेट (झडपा उघडणारी जोडणी) तपासावे. या इंजिनांत सुरू होताना दाब कमी करण्याची सोय असते, म्हणजे कॅमशाफ्टवरचा एक छोटा उंचवटा झडप थोडीशी उघडी ठेवतो आणि स्टार्टरवरचा भार हलका होतो. टॅपेटमधले अंतर झिजून वाढले की तो उंचवटा झडपेपर्यंत पोहोचत नाही, पूर्ण दाब स्टार्टरवर येतो आणि तो अडकतो. बॅटरी, स्टार्टर, सोलेनॉइड असा एकामागून एक खर्च होतो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्ह कव्हर काढावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सुमारे ६ मिलिमीटर खाली उतरवावा आणि फिलर गेजने अंतर मोजावे. वर उल्लेखलेल्या सुमारे ५०० सीसीच्या ब्रिग्ज इंजिनात इनटेकसाठी ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्टसाठी ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर अंतर ठेवतात. इतर इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. मोटारसायकलचे टॅपेट सेट करणारा कोणताही चांगला मेकॅनिक हे काम करू शकतो.

चावी फिरवली तरी काहीच होत नाही, साधा आवाजही येत नाही. दोष कुठे शोधावा?

मल्टिमीटर हाती घेतल्याशिवाय काहीही बदलू नये. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्यानंतर फ्यूज, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार आणि चेसिसला जोडलेली अर्थची तार पाहावी. ही तार जिथे बोल्टने बसवलेली असते तिथला गंज घासून काढला की निम्मी यंत्रे बोलू लागतात.

एवढ्यानेही भागले नाही तर सुरक्षेचे स्विच पाहावेत. या यंत्रांत साधारणपणे सीटखाली एक, ब्रेकच्या पेडलवर एक आणि पाती चालू करण्याच्या दांड्यावर एक असे स्विच असतात. ब्रेक दाबलेला नसेल किंवा पाती चालू स्थितीत असतील तर स्टार्टरला वीजच पोहोचत नाही. प्रत्येक स्विच मल्टिमीटरने स्वतंत्र तपासता येतो.

सीटचा स्विच थेट जोडून टाकला तर चालेल का? मेकॅनिक तसेच सुचवतो.

चालणार नाही. चालक सीटवरून उठला किंवा खाली पडला की पाती थांबावीत एवढ्यासाठीच तो स्विच आहे. डेकच्या तोंडाला असलेली झडप, म्हणजे गवत बाहेर फेकणाऱ्या बाजूचे झाकण, याच्याबाबतही हेच सांगणे आहे. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत पात्याला लागलेला खडा कुठल्या वेगाने बाहेर येतो याचा अंदाज पुढच्या उत्तरातल्या आकड्यावरून करता येईल. जुने यंत्र घेतल्यावर वायरिंगमध्ये असे थेट जोड सापडले तर ते आधी काढावेत आणि मगच दुरुस्तीला लागावे.

मूळ पाती मिळत नाहीत. लोहाराकडून कमानपाट्याची पाती करून घ्यावीत का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मालक विचारतो, कारण आपल्याकडचे लोहार कमानपाट्यापासून उत्तम विळे आणि कोयते करतात. तरीही याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. अमेरिकी मानकाप्रमाणे अशा यंत्राच्या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजेच ताशी सुमारे ३५० किलोमीटर. कमानपाट्याचे पोलाद पाणी देताना जास्त कडक झाले तर ते दगडावर आदळून वाकत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा डेकच्या बाहेर येतो. मूळ पाते मुद्दाम वाकेल पण तुटणार नाही अशा पोलादाचे असते. याच कारणासाठी तडा गेलेले किंवा टोकाजवळच्या वर वळवलेल्या पंखाकडे झिजून पातळ झालेले पाते वेल्डिंग करून वापरू नये.

पाती मागवताना लांबी, मधल्या छिद्राचा आकार आणि जाडी या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. मधले छिद्र गोल असते, चांदणीच्या आकाराचे असते किंवा त्याच्या बाजूला आणखी दोन छिद्रे असतात, आणि ते जुळवण्यासाठी घासून मोठे करणे योग्य नव्हे.

धार मूळ कोनातच लावावी, तो साधारण ३० अंशांचा असतो. धार लावल्यावर भिंतीत आडवा खिळा ठोकून पाते मधल्या छिद्रावर अडकवावे. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूच्या टोकाकडचे थोडे लोखंड घासावे, आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत पुन्हा पाहावे. हे न केल्यास यंत्र थरथरते आणि नवीन टाकलेली बेअरिंग एका पावसाळ्यात खडखडू लागतात.

डेकमधून खडखड आवाज येतो. बेअरिंग जळगावात मिळतील का?

मिळतील. पात्यांच्या स्पिंडलमध्ये (पाते ज्यावर फिरते त्या आसात) बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ या नंबरची, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली साधी बेअरिंग असतात, आणि ती पंपाच्या मोटारींमध्येही वापरली जात असल्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. मात्र नंबर वाचून थेट विकत घेण्याआधी शाफ्टची जाडी कॅलिपरने मोजावी. ६२०३ चे आतले छिद्र १७ मिलिमीटरचे असते. काही अमेरिकी यंत्रांत त्याच बाह्य मापाचे पण पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर छिद्राचे बेअरिंग असते. नेहमीचे बेअरिंग त्यावर सैल बसते आणि शाफ्ट खाऊन टाकते. अशा वेळी लेथवाल्याकडून पातळ बुश करून घेण्यापेक्षा योग्य मापाचे बेअरिंग मागवणे चांगले, कारण एवढ्या पातळ बुशला त्या वेगात टिकाव लागत नाही.

बेअरिंग बसवताना हातोडा आतल्या रिंगवर मारू नये. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट ठेवून किंवा प्रेसवर दाबून बसवावे.

गिरणीचा व्ही-पट्टा लावला तर चालतो का?

ट्रान्समिशनसाठी असो वा डेकसाठी, तात्पुरता चालतो पण टिकत नाही. या यंत्रात क्लच नावाचा वेगळा भाग बऱ्याचदा नसतोच. एक पुली पट्ट्याच्या पाठीवर दाबली जाते, पट्टा ताणला जातो आणि पाती फिरू लागतात; पुली सुटली की पट्टा सैल पडतो आणि पाती थांबतात. त्यामुळे पट्ट्याची पाठ घासली जाते आणि तो सारखा घसरतो. मूळ पट्ट्यात यासाठी अ‍ॅरामिडचे धागे आणि जाड कापडाचे आवरण असते. गिरणीच्या पट्ट्याला हे सोसत नाही, आणि तो पुलीला चिकटून राहिला तर दांडा बंद केल्यावरही पाती फिरत राहतात, जे धोक्याचे आहे.

लांबीच्या मोजणीतही फरक आहे. दुकानातल्या ए आणि बी पट्ट्यांचा आकडा आतल्या लांबीचा असतो, तर मोअरच्या पट्ट्याचा आकडा बाहेरच्या लांबीचा असतो. जुना पट्टा काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. पट्टा कोणत्या पुलीच्या कोणत्या बाजूने आणि कोणत्या खिळीच्या आतून जातो हे नंतर आठवत नाही.

डेकला खालून गंज लागून भोके पडली आहेत. डेक वाचेल का?

भोके कडेला असतील तर वाचतो. स्पिंडल जिथे बोल्टने बसलेले असतात तिथला पत्रा पातळ झाला असेल तर मोठे काम निघते, कारण तिथे वेल्डिंग करताना पत्रा ताणला जातो आणि दोन पाती एका पातळीत राहत नाहीत. कडेचा गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा तुकडा टाके देत वेल्ड करावा. सलग वेल्डिंग केल्यास डेक वाकतो. नंतर वायर ब्रश, प्रायमर आणि इपॉक्सी रंग. ओले गवत कापल्यावर डेकखालचा थर त्याच दिवशी खरवडून काढला नाही तर कोणताही रंग टिकत नाही.

डेकखाली काम करताना यंत्र केवळ जॅकवर उभे ठेवू नये. लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावावेतच.

यंत्र सपाटीवर चालते, चढावर थांबते. काय झाले असेल?

पट्टा सैल असेल तर बरे. पट्टा ठीक असूनही, विशेषतः अर्धा तास चालल्यावर, चढावर ओढ कमी होत असेल तर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ट्रान्समिशन झिजलेले आहे. त्याची दुरुस्ती इथे सहसा होत नाही. खरेदीपूर्वी यंत्र किमान वीस मिनिटे चालवून मगच चढावर नेऊन पाहावे. बरेच दिवस बंद असलेल्या हायड्रोस्टॅटिकमध्ये हवा अडकलेली असू शकते, म्हणून मागची चाके उचलून बायपासचा दांडा ओढून, पेडल पुढे-मागे करून आणि नंतर दांडा बंद करून तेच पुन्हा करून हवा काढून पाहावी. गिअरचे साधे ट्रान्समिशन असलेले यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे, असे आमचे मत आहे. ते चालवायला कटकटीचे असते, पण बिघडले तर उघडून दुरुस्त करता येते.

उन्हाळ्याच्या उष्णतेत इंजिनाला कोणते ऑइल घालावे?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. या हवेत पातळ १०डब्ल्यू-३० ऑइल घातल्यास एअर-कूल्ड इंजिन ऑइल खाते. पुस्तिकेत बहुधा एसएई ३० सुचवलेले असते, तेच शोधून आणावे. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात ते सुमारे १.४ लिटर मावते, तरीही मोजण्यावर न जाता पट्टीवरच्या खुणेवर भर द्यावा. दुरुस्तीनंतरचे पहिले ऑइल पाच-सात तासांतच बदलावे, त्यात जुना गाळ उतरलेला असतो.

काळ्या मातीचा धुरळा फार बारीक असतो. कागदी एअर फिल्टर हवेने उडवून पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि फोमचे वेगळे आवरण असेल तर ते धुऊन, वाळवून परत चढवावे.

बाभळीच्या काट्यांनी टायर सतत पंक्चर होतात. काय करावे?

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून घ्यावी आणि ट्यूबमध्ये सीलंट भरावे. एवढे पुरते. पंक्चरवाल्याला हवेचा आकडा मात्र स्वतः सांगावा. या टायरमध्ये साधारण १० ते १४ पीएसआय हवा असते, आणि तो सवयीने मोटारसायकलइतकी भरतो. हवा कमी-जास्त झाली की डेक तिरपा होतो आणि लॉनवर पट्टे उमटतात. डेकची पातळी तपासताना आधी चारही टायरची हवा योग्य आकड्यावर आणावी, मग पात्यांचे पुढचे टोक मागच्यापेक्षा ३ ते १० मिलिमीटर खाली ठेवावे.

रंगकाम कधी करावे?

सर्वांत शेवटी, यंत्र काही तास गवतात चालल्यानंतर. इशाऱ्याच्या आणि नंबरच्या पट्ट्यांवर रंग जाऊ देऊ नये.

दुरुस्ती वर्षातल्या कोणत्या काळात काढावी?

लग्नाच्या लॉन्सवाल्यांना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास श्वास घ्यायला वेळ नसतो आणि त्यांचे गवत त्या दिवसांत पाण्यावर वाढत असते. त्यांनी काम पौष महिन्यात काढावे, कारण तेव्हा मुहूर्त नसतात. शाळांच्या मैदानांवरची हरळी उन्हाळ्यात वाळलेली असते, म्हणून त्यांनी यंत्र एप्रिलमध्ये उघडावे. बाहेरून मागवायचे भाग यायला वेळ लागतो आणि मृग लागल्यावर पंधरा दिवसांत गवत घोट्याच्या वर जाते. भागांची यादी यंत्र उघडल्यावर एकदाच पूर्ण करून एकत्र मागवावी. पट्टा वेगळा, पाती वेगळी, गॅस्केट वेगळे असे मागवत गेल्यास मैदान श्रावणापर्यंत तसेच राहते आणि शेवटी मजूर लावून विळ्याने कापावे लागते.